दोन विषय राहिलेत, झोप उडालीय : मन खंबीर करायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा : "पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, होस्टेलवर राहतो. पहिल्या वर्षाचे दोन विषय राहिलेत, त्यातला एक एम-टू, म्हणजे गणिताचा दुसरा पेपर. बारावीपर्यंत लातूरला रोज बारा-चौदा तास बसायचो, आता पुस्तक उघडवत नाही. पहाटे चारला झोपतो, अकराला उठतो, लेक्चर बुडतात. घरी 'सगळं क्लिअर' असं सांगून बसलोय. मित्र म्हणतात मेंटली स्ट्राँग हो. ते कसं व्हायचं? की गोळ्याच लागतील?"

आधी एक तपासून घे, बाकीचं नंतर. नैराश्य किती आहे ते बघायची पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली आहे. मराठीतही मिळते, भरायला पाच मिनिटं लागतात. गेल्या दोन आठवड्यांत कोणता त्रास किती वेळा झाला त्याला ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा वर गेली तर तज्ज्ञाला (समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञही चालेल) दाखवायचं, २० किंवा वर असेल तर याच आठवड्यात. पण नववा प्रश्न बेरजेत बुडवू नकोस. मेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी, असे विचार येतात का, हे तो विचारतो. तिथे शून्याखेरीज काहीही आलं, तर एकूण बेरीज ६ असली तरी त्याच दिवशी एका माणसाला सांगायचं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. नुसत्या विचारापलीकडे कधी आणि कसं हेही डोक्यात ठरायला लागलं असेल, तर फोनवर भागवू नकोस. रूम पार्टनरला उठव आणि मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा, किंवा ११२ लाव. मित्राने असं काही बोलून दाखवलं तर "जीव द्यायचा विचार येतो का?" हे सरळ विचारावं. विचारल्याने तो विचार कोणाच्या डोक्यात शिरत नाही. त्याला एकटं सोडायचं नाही, आणि "कोणाला सांगू नको" या शपथेत अडकायचं नाही.

आता मेंटली स्ट्राँगबद्दल. लातूरला तू चौदा तास बसायचास ते मनाच्या बळावर, असं तुला वाटतं. जरा तो दिवस आठव. पहाटे कोणीतरी उठवायचं, क्लासची वेळ ठरलेली, टेस्ट ठरलेली, मार्क सगळ्यांसमोर लागायचे, डबा वेळेवर यायचा, शेजारचे सगळे तेच करत असायचे. निम्मं काम ती व्यवस्था करायची. पुण्यात ती एका दिवसात गेली आणि तिच्या जागी काहीच आलं नाही. इथे महिनाभर कोणी विचारत नाही, आणि विचारतात तेव्हा थेट डिफॉल्टर लिस्ट लागते, म्हणजे हजेरी कमी पडलेल्यांची यादी. त्यात लेक्चर इंग्रजीत, आणि आजूबाजूला प्रत्येक जण आपापल्या गावचा टॉपर. तू तोच आहेस, फक्त आधाराशिवाय उभा आहेस.

संशोधनाचाही रोख इकडेच आहे. हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मागोवा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी अनेक दशकं घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आजारपण अशा वातावरणात वाढलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश व्यवस्थित उभी राहिली. त्यांच्यात सारखं काय होतं, तर भरवशाचं निदान एक मोठं माणूस आणि अंगावर घेतलेली छोटी-मोठी जबाबदारी. म्हणून खाली जे सांगतोय ते मन घट्ट करण्याबद्दल कमी आणि दिवस पुन्हा बांधण्याबद्दल जास्त आहे. क्रमही मुद्दाम तसा ठेवलाय. विचारांवर काम आधी सुरू करणारे बहुतेक जण पहाटे तीनला वही घेऊन बसतात आणि आणखी खोल जातात.

झोपेपासून सुरुवात कर. तुझ्या वयाची मुलं एका रात्रीत "उद्यापासून पाच वाजता" ठरवतात, दोन दिवस ओढतात, तिसऱ्या दिवशी बारापर्यंत झोपतात आणि आपल्यात दम नाही असा निष्कर्ष काढतात. शरीराचं घड्याळ असं एकदम मागे येत नाही. झोपायची वेळ तुझ्या हातात नाही, उठायची आहे. म्हणून फक्त उठायची वेळ धर. पहिले तीन दिवस साडेदहा, पुढचे तीन दिवस दहा, मग साडेनऊ, असं दर तीन दिवसांनी अर्धा तास मागे. एकोणिसाव्या दिवशी साडेसातवर येतोस. रात्री कितीही वाजता झोप लागली तरी त्या दिवशीची उठायची वेळ बदलायची नाही. उठल्यावर तासाभरात वीस-तीस मिनिटं उघड्यावर, उजेडात. मेसपर्यंत चालत जाऊन नाश्ता करून आलास तरी चालेल. खोलीतली ट्यूबलाइट त्या कामाची नाही, बाहेरचा ढगाळ उजेडही तिच्या कितीतरी पट असतो.

चहा-कॉफी दुपारी दोननंतर बंद. पोटात गेलेलं कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे रात्री दहाच्या टपरीवरच्या कटिंगमधलं निम्मं पहाटे तीनलाही अंगात असतं. गादी फक्त झोपेसाठी. होस्टेलच्या खोलीत हे अवघड आहे, कारण खाट हीच बैठक, तीच जेवणाची जागा आणि तीच लायब्ररी. निदान खुर्चीवर बस, किंवा खाटेवर उलट्या बाजूला तोंड करून. अंदाजे वीस मिनिटांत झोप आली नाही तर उठून मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं वाच, पेंग आली की परत ये. मोबाइल चार्जिंगला हात पोहोचणार नाही इतका लांब. दुपारची डुलकी तीनच्या आत आणि वीस मिनिटांची. होस्टेलवर ती हटकून दोन तासांची होते आणि रात्रीची झोप खाते. सगळ्यात जास्त घात रविवार करतो. सहा दिवस कमावलेलं एका सकाळी बारापर्यंत लोळून जातं.

झोप सरकू लागली की दिवस भरायचा. इथे तुझी एक समजूत मध्ये येईल : आधी मूड यायला हवा, मग अभ्यास होईल. नैराश्याच्या काळात हे उलट्या दिशेने चालतं. हालचाल आधी, बरं वाटणं मागून, तेही थोडं आणि उशिरा. नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये नैराश्यावरच्या उपचाराचे भाग सुटे करून तपासले, तेव्हा नुसती दिनक्रमातली कृती वाढवण्याचा भाग संपूर्ण उपचाराच्या जवळपास तोडीचा निघाला. करायचं असं : साध्या वहीत एक आठवडा दर दोन तासांनी काय केलं ते एका ओळीत लिहायचं, आणि पुढे दोन आकडे. किती जमलं ० ते १०, किती बरं वाटलं ० ते १०. एखादं पान असं दिसतं :

१०.३० उठलो, अंघोळ. जमलं ४, बरं ३.
१२ ते २ खाटेवर रील्स. जमलं ०, बरं २.
२ ते ४ प्रॅक्टिकलला गेलो, जर्नल अपुरं. जमलं ५, बरं ३.
६ ते ७ टेकडीवर, सोबत एक मित्र. जमलं ४, बरं ६.
९ ते १ मोबाइल. जमलं ०, बरं १.

आठवडाभर हे ठेवलं की दोन गोष्टी दिसतात. "दिवसभर वाईट वाटतं" हे अर्धसत्य असतं. आकडे वर-खाली होत असतात. आणि ज्याला तू आराम म्हणतोस त्याचे आकडे सगळ्यात खालचे असतात. दुसऱ्या आठवड्यात वरच्या आकड्यांपैकी दोन गोष्टी ठरलेल्या वेळेला लावायच्या, एवढंच. त्यातली एक माणसांबरोबरची हवी आणि एक अंग हलवणारी. तीस मिनिटं भरभर चालणं, आठवड्यातून पाच दिवस, हा डोस पुरतो. जिमचं वर्षाचं पॅकेज आत्ता नको.

अभ्यासाचा डोस सुरुवातीला हास्यास्पद वाटेल इतका लहान ठेव : पंचवीस मिनिटं, एकच सोडवलेलं गणित, पुस्तक बघून वहीत उतरवायचं. दुसऱ्या दिवशी तेच गणित न बघता. चार दिवस हे झालं की पंचवीसचे दोन तुकडे. एम-टूसाठी मागचे पाच-सहा पेपर समोर घेऊन कोणत्या युनिटवर सारखे प्रश्न येतात ते बघ आणि हाताला लवकर येणारं युनिट आधी घे, मग ते पुस्तकात चौथं का असेना. इथे बिघडतं ते रंगीत टाइमटेबलमुळे. बारा तासांचा तक्ता करण्यातच समाधान मिळतं, पहिल्या दिवशी चार तास होतात, मग "काल बुडलं म्हणून आज सोळा". बुडलेलं भरून काढायचं नाही. काल गेला तो गेला, आज परत पंचवीस मिनिटं.

या सगळ्याच्या मुळाशी टाळाटाळ आहे आणि ती आळसातून येत नाही. तू कॉलेजचं पोर्टल किती दिवसांत उघडलं नाहीस? वर्गाचा व्हॉट्सअॅप ग्रुप म्यूटवर आहे ना? छातीत धडधड झाली, ग्रुप बंद केला, धडधड थांबली. मेंदू यातून एवढंच शिकतो की बंद केल्याने बरं वाटतं. पुढच्या वेळी तो आणखी लवकर बंद करायला लावतो आणि ग्रुपमधली सबमिशनची तारीख निघून जाते. यावर उतारा म्हणजे पायरीपायरीने जवळ जाणं. टाळलेल्या सगळ्या गोष्टी लिही, प्रत्येकीला भीतीचा आकडा दे, ० ते १००. ग्रुप वाचणं २०, पोर्टलवर हजेरी बघणं ४०, राहिलेल्या विषयांच्या फॉर्मची शेवटची तारीख परीक्षा विभागात विचारणं ५०, जीएफएम सरांना (वर्गाचे पालक-शिक्षक) भेटणं ६५, घरी सांगणं ९५. खालून सुरुवात. पोर्टल उघडल्यावर लगेच बंद करायचं नाही. धडधड वाढेल, तशीच बसू द्यायची. दहा-वीस मिनिटांत बहुधा निम्म्यावर येते. ती ओसरण्याआधी बंद केलंस तर जुनाच धडा पक्का होतो. जीएफएमना भेटताना रडगाणं नको, कागद न्यायचा : हजेरी किती, कोणत्या विषयांचं टर्म वर्क बाकी, कोणत्या तारखेपर्यंत काय देऊ शकतो. दोन विषय राहिल्याने वर्ष जातं की नाही हे तुझ्या विद्यापीठाच्या आणि अभ्यासक्रमाच्या पॅटर्नच्या नियमावर आहे. ते परीक्षा विभागाकडूनच घे. होस्टेलवर ऐकलेले नियम बहुधा मागच्या पॅटर्नचे असतात.

लाझारस आणि फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये ताणाला तोंड देण्याचे दोन प्रकार मांडले : प्रश्नाला भिडणारे आणि भावना शमवणारे. दोन्ही लागतात, गफलत अदलाबदलीत होते. फॉर्मची तारीख परवा आहे आणि तू ध्यान करतोयस, हे चुकलं. निकाल लागून गेलाय आणि तू रोज रात्री पेपरात काय सुटलं याची उजळणी करतोयस, हेही चुकलं. वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढ : डावीकडे या आठवड्यात मला हलवता येईल ते, उजवीकडे येणार नाही ते. डावीकडच्या प्रत्येक ओळीपुढे वार आणि वेळ. उजवीकडच्यासाठी संध्याकाळी सहा ते सव्वासहा चिंतेची वेळ राखून ठेव. दिवसा विचार आला की एका शब्दात टिपायचा आणि सहापर्यंत ढकलायचा. सहाला त्यातल्या निम्म्याचं काही वाटत नाही.

आता घर. भीतीच्या यादीत हे सर्वात वर आहे, आणि सुटका झाली तर सगळ्यात मोठी इथेच होईल, कारण रोजचा एक फोन खोटा निभावण्यातच तुझी निम्मी शक्ती जातेय. आधी एकाच माणसाला सांग, जो ऐकून घेईल त्याला. ते आईच असेल असं नाही, मोठी बहीण, मामा, काकाही असतील. पण सांगायचं तू स्वतः, चुलतभावाकरवी निरोप नको. वेळ बघून फोन कर. बाप रानात पाळी घालत असताना किंवा बाजाराच्या दिवशी भाव पडलेला असताना नको. आधी काय झालं, मग काय करणार आहे, शेवटी काय हवं आहे, एवढंच बोल : "पप्पा, एक सांगायचंय, शेवटपर्यंत ऐका मग बोला. माझे पहिल्या वर्षाचे दोन विषय राहिलेत. तुम्हाला क्लिअर झालं सांगितलं ते खोटं होतं. फॉर्म भरायची तारीख विचारून आलोय, सरांना भेटलोय. झोप लागत नाही, डॉक्टरला दाखवणार आहे. मला पैसे आत्ता नकोत, पण रोज मार्क विचारू नका." पहिली दहा मिनिटं आवाज चढेल. त्यात राग कमी आणि भीती जास्त असते. फी, कर्ज, गावात काय सांगायचं याची. त्या दहा मिनिटांत सफाई द्यायची नाही, "हो पप्पा" पुरतं. बहुतेक घरांत खरा संवाद दुसऱ्या दिवशीच्या फोनवर होतो. अर्धं सांगणं सगळ्यात महाग पडतं. "एकच विषय राहिलाय" म्हटलं की उरलेल्या एकाचं ओझं दुप्पट होतं. घरात मारहाणीची किंवा टोकाच्या प्रतिक्रियेची खरंच शक्यता असेल, तर मात्र आधी समुपदेशकाशी बोल आणि त्यांच्यासमोर फोन लाव.

इथवर आलास की विचारांकडे वळ, आणि तेही दिवसाच. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत मराठी वाचकांना कि. मो. फडके यांच्यामुळे परिचयाची आहे. तिचा गाभा एवढाच की घटना आणि त्रास यांच्यामध्ये एक हट्टी वाक्य बसलेलं असतं. समज, वर्गमित्राने इंटर्नशिपचं स्टेटस टाकलं. तुझ्या वहीत येईल "वाईट वाटलं". ते पुरेसं नाही, ती भावना झाली. त्यामागचं वाक्य शोध : "मी त्याच्याबरोबर असायलाच हवं होतं, नाही म्हणजे मी संपलो." यावर विश्वास किती? ९०. पुरावा काय? दोन विषय राहिलेत. विरोधी पुरावा? बाकीचे सुटलेत, प्रोग्रॅमिंगला बरे मार्क आहेत, पहिल्या वर्षी विषय राहून पुढे पास झालेले सीनियर याच मजल्यावर राहतात. नवं वाक्य : "त्याच्याबरोबर असतो तर आवडलं असतं. नाही, हे त्रासाचं आहे, पण वर्षभरात भरून निघण्यासारखं आहे." आता जुन्या वाक्यावर विश्वास किती? ६०. ९० वरून ६० पुष्कळ झालं, शून्याची अपेक्षा धरू नकोस. "मी बेस्ट आहे" असली वाक्यं आरशासमोर म्हणू नकोस. स्वतःबद्दल आधीच खट्टू असलेल्यांना त्यांनी आणखी खोटं वाटतं.

परीक्षेत हातपाय गार पडून काही आठवेनासं झालं तर लांब, मोठे श्वास घेऊ नकोस. जोरात घेतलेल्या श्वासांनी बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते आणि घाबरायला नवं कारण मिळतं. नाकाने चार आकडे आत, सहा आकडे बाहेर, पोट हलेल इतपत, पाच मिनिटं. हे रोज शांत असताना दोनदा केलेलं असेल तरच पेपरात उपयोगी पडतं.

गोळ्यांचं सांगतो. वरचं सगळं तीन-चार आठवडे निम्म्याहून जास्त दिवस करूनही पीएचक्यू-९ खाली येत नसेल, किंवा सुरुवातीलाच बेरीज १५ च्या पुढे असेल, जेवण-वजन उतरलं असेल, खाटेवरून उठणंच होत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञ गाठ. ते डॉक्टर असतात, औषध देऊ शकतात. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलून उपचार करतात, साधारण पंचेचाळीस मिनिटांची एक बैठक, अशा सहा ते बारा. डॉक्टरने हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ तपासायला सांगितलं तर टाळू नकोस. मेसच्या शाकाहारी जेवणावर वर्षभर काढलेल्यांत बी-१२ ची कमतरता आढळते आणि थकवा त्यातूनही येतो. एस्सिटालोप्रॅम, फ्लुऑक्सेटीन यांसारख्या नैराश्यावरच्या औषधांची सवय लागत नाही. मात्र गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि मळमळ-अस्वस्थता पहिल्याच आठवड्यात येते, म्हणून बरेच जण दहाव्या दिवशी सोडून देतात. पंचवीस वर्षांखालच्या रुग्णांत सुरुवातीच्या आठवड्यांत मरणाचे विचार वाढू शकतात. तसं झालं तर लगेच डॉक्टरला फोन. बरं वाटल्यावरही सहा ते नऊ महिने चालू ठेवतात आणि हळूहळू कमी करतात. कधी चार-पाच दिवस झोपेशिवायही जबरदस्त उत्साह, भरमसाट बोलणं, वाटेल तसा खर्च असा काळ येऊन गेला असेल तर ते पहिल्याच भेटीत सांग, औषध त्यावर बदलतं. आणि मित्राच्या पट्टीतली अल्प्राझोलाम झोपेसाठी घेऊ नकोस. सवय लागते ती या जातीच्या गोळ्यांची, आणि त्यावर दारू घेतली तर श्वास मंदावतो.

पैशांची अडचण असेल तर पुण्यात ससून या सरकारी रुग्णालयात आणि सुट्टीत लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार ओपीडी आहे, खर्च खूप कमी असतो. कॉलेजातही विचार. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायला सांगितलंय. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी हा भार एखाद्या प्राध्यापकावर टाकलेला असतो, तेव्हा आधी त्यांची पात्रता विचार. पात्र नसतील तर हजेरी-फॉर्मच्या कामासाठी त्यांची मदत घे, मनातलं बाहेर बोल. तू अठरा पूर्ण आहेस. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तुझी उपचाराची माहिती गोपनीय आहे. जिवाला धोका असेल तर त्याला अपवाद आहे.

ओपीडीला सकाळी लवकर जा, पहिली भेट रांगेसकट अर्धा दिवस खाते. सोबत त्या आठवड्याची वही, पीएचक्यू-९ चा आकडा, चालू औषधं, आणि घरात कोणाला असा त्रास होता का याची नोंद घेऊन जा. दारू, तंबाखू किंवा आणखी काही घेत असशील तर खरं प्रमाण सांग, डॉक्टर ते कॉलेजला कळवत नाहीत. पुढची तारीख घेतल्याशिवाय उठू नकोस, आणि ती इन्सेमच्या (सत्राच्या मधल्या परीक्षेच्या) आठवड्यात येत असेल तर तिथेच बदलून घे.